मुलाच्या मागं जाणारी शाळा : नवं तंत्रज्ञान आणि विद्यार्थी-केंद्रित शिक्षण



‘विद्यार्थी-केंद्रित शिक्षण’ हा शब्द आपण डी.एड.ला होतो तेव्हापासून ऐकतोय. प्रशिक्षणात ऐकला, परिपत्रकात वाचला, पाठ टाचणात लिहिला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्येही बालकेंद्री पद्धतीनं शिकवावं असं म्हटलेलं आहे. याचा साधा अर्थ असा, की शिकवण्याची सुरुवात पुस्तकाच्या पानापासून न होता मूल आज जिथं आहे तिथून व्हावी.

आमच्या धर्मापुरीत आणि एकूणच बीड जिल्ह्यात ‘मूल जिथं आहे तिथून’ हे शब्द शब्दशः घ्यावे लागतात. कारण दसरा-दिवाळी झाली की वर्गातली कितीतरी मुलं गावात नसतातच. ती असतात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर कर्नाटकात बेळगावच्या बाजूला, उसाच्या फडाशेजारी आई-बापाच्या कोपीवर. आज शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, क्यूआर कोडची पुस्तकं आहेत, एआयची चर्चा आहे. या सगळ्याचा आपल्या मुलांना उपयोग किती, हे तपासायला माझ्या मते दोन प्रश्न पुरेसे आहेत. हे तंत्रज्ञान मुलाच्या मागं जातं का? आणि ते मुलाच्या पातळीपासून सुरू होतं का? या लेखात याच दोन प्रश्नांचा विचार करू.

१) हंगामाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये परीक्षा होते. उसाचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेच्या साधारण १० महिन्यांतले ५ महिने ऊसतोड कुटुंबातलं मूल बाहेर असतं. पहिली ते पाचवी असे सलग पाच हंगाम गेले, तर ५० महिन्यांपैकी २५ महिने शाळेबाहेर. अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी हे सगळं पक्कं होण्याचं वय नेमकं हेच.

मूल परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. वयानुसार ते पुढच्या वर्गात बसतं, हे बरोबरच आहे, कायद्यानं तसा हक्क दिलाय. पण पुस्तक पाचवीचं आणि वाचन शब्दापर्यंतच, अशी अवस्था होते. मग मूल मागच्या बाकावर गप्प बसायला लागतं आणि एक दिवस त्याच्याही हातात कोयता येतो.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. जनार्थसारख्या संस्थेनं कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि ते दाखवल्यावर तिथल्या जवळच्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं, अशी सोय झाली. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृह योजना आली. तंत्रज्ञानाचा विचार करायचा तो या सगळ्याच्या जोडीनं. हे सगळं बाजूला सारून त्याच्या जागी फोन ठेवायचा, असा त्याचा अर्थ नाही.

२) यंत्र हातात दिलं म्हणजे शिक्षण झालं का?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच शोधता येतं. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. पहिली ते चौथीच्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले. मुलांना ते आवडले, चालवायलाही ती पटकन शिकली. पण हा प्रकल्प आपल्या देशात पुढं फारसा पसरला नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं मात्र हाच प्रकल्प फार मोठ्या प्रमाणावर राबवला, लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलं संगणक भरपूर वापरायला लागली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. कारण समजायला अवघड नाही. यंत्र प्रत्येकाला मिळालं, पण कोणतं मूल कुठं अडलंय हे ना यंत्राला माहीत होतं, ना त्याप्रमाणं शिकवणं बदललं होतं.

आपल्या वर्गातल्या स्मार्ट टीव्हीचंही असंच होतं. चाळीस मुलं एकच व्हिडिओ बघतात. खडू-फळा गेला आणि पडदा आला, पण बोलणारा एक आणि ऐकणारे चाळीस हे तसंच राहिलं. त्याला डिजिटल म्हणता येईल, विद्यार्थी-केंद्रित म्हणता येणार नाही. आणि फडावर गेलेल्या मुलासाठी तर तो टीव्ही असून नसल्यासारखाच.

३) मग उपयोग कशाचा झाला?

दोन अभ्यास आपण सगळ्यांनी माहीत करून घ्यावेत असे आहेत.

पहिला बडोदा आणि मुंबईचा. ‘प्रथम’ संस्थेच्या कामावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बडोद्याच्या पालिका शाळांत चौथीची मुलं आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं बसून, गणिताचे खेळ खेळायची. मुलाला जमलं तर खेळ अवघड व्हायचा, नाही जमलं तर सोपा व्हायचा. गणितात चांगली वाढ दिसली. त्याच अभ्यासात संगणकाशिवायचाही एक भाग होता. वस्तीतलीच थोडी शिकलेली तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, मागं पडलेल्या मुलांना वेगळं बसवून मूलभूत वाचन-गणित शिकवायची. तिथंही मुलं पुढं गेली. एकीकडे यंत्र होतं, दुसरीकडे माणूस होता. दोन्हीकडे सारखं काय, तर सुरुवात मुलाच्या पातळीपासून झाली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराच भाग ओसरला. म्हणजे ही गोष्ट एकदा करून सोडून द्यायची नाही.

दुसरा अभ्यास आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशाचा. २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या. तिथं इंटरनेट सगळ्यांकडं नव्हतं, साधे फोन होते. सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे गट पाडले. एका गटाला आठवड्याला गणिताचे प्रश्न फक्त मेसेजवर पाठवले. दुसऱ्या गटाला मेसेज पाठवला आणि पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. पालकांना सांगायचं, फोन स्पीकरवर ठेवा आणि मुलाला जवळ बसवा. नुसत्या मेसेजचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. मेसेज आणि फोन दोन्ही मिळालेली मुलं गणितात पुढं गेली. शिवाय आपल्या लेकराला नेमकं काय येतं, हेही पालकांना जास्त बरोबर कळायला लागलं. पुढं भारतासह इतर काही देशांतही असा प्रयोग करून बघितला गेला.

आता हे आपल्या फडाला लावून बघा. कोपीवर वायफाय नसतं, टॅब नसतो. पण बापाच्या खिशात फोन असतोच, कारण मुकादमाचा निरोप त्याच्यावरच येतो. आपल्या भागातलं मुलाच्या मागं जाणारं तंत्रज्ञान आज तरी तेवढंच आहे. ग्रुपवर पीडीएफ टाकून आपलं काम झालं असं मानलं, तर ते बोट्स्वानाच्या नुसत्या मेसेजसारखं होईल.

४) आपल्या हाताशी आज काय काय आहे?

पुस्तकातले क्यूआर कोड : सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो आला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आता पुस्तकातला कोड ‘दीक्षा’ ॲपवर उघडतो. पण दीक्षावरचा पाठ इयत्तेचा असतो, मुलाच्या पातळीचा नसतो. पाचवीतलं मूल दुसरीच्या पातळीवर असेल तर त्याच्या हातात दुसरीच्या पुस्तकाचेही कोड द्यावे लागतात.

वाचन ऐकणारं ॲप : २०१९ साली ‘बोलो’ नावानं आलेलं आणि नंतर ‘रीड अलाँग’ झालेलं गुगलचं ॲप मुलाचं वाचन ऐकतं, अडलेला शब्द सांगतं आणि मराठीतही चालतं. गोष्टी आधी उतरवून घेतल्या तर नेट नसतानाही चालतात. आई-वडील निरक्षर असतील तर घरात मुलाचं वाचन ऐकून चूक सांगणारं कुणी नसतं, तिथं हे फार कामाचं आहे. मात्र आपल्याकडची काही मुलं ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, बंजारा तांड्यावरच्या मुलाची घरची बोली तर वेगळीच. यंत्राला असा उच्चार चूक वाटू शकतो. अर्थ कळला की नाही, हे मात्र शिक्षकालाच विचारावं लागतं.

गोष्टींचा साठा : प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि फुकट उतरवता येतात.

एआय : याचा सगळ्यात चांगला उपयोग सध्या शिक्षकालाच आहे. पूर्वी एकाच विषयावर तीन पातळ्यांचे उतारे लिहायचे म्हटलं की रात्र जायची. आता ‘बैलगाडी आणि कारखान्याचा काटा या विषयावर चाळीस शब्दांचा, जोडाक्षरं नसलेला मराठी उतारा दे’ असं सांगितलं की कच्चा मसुदा मिळतो. मराठी तपासून घ्यावं लागतं, पुष्कळदा वाक्यं पुस्तकी आणि वेडीवाकडी येतात. पण दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात. मुलाच्या हातात एआय द्यायचं असेल तर एक नियम ठेवावा. त्यानं उत्तर सांगायचं नाही, मुलाला प्रश्न विचारायचा. तयार उत्तर उतरवून काढणारं मूल आणि गाईडमधून उत्तर उतरवणारं मूल, यांच्यात काही फरक नाही.

५) हंगामाचं नियोजन

हे सगळं व्यवहारात कसं आणायचं, याचा एक आराखडा मांडतो. आपापल्या शाळेप्रमाणं बदल करावा.

अ) जाण्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये

• जाणाऱ्या प्रत्येक मुलाची पातळी एका कागदावर लिहा : अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. गणितात अंकओळख, बेरीज, वजाबाकी, भागाकार यांपैकी कुठं.
• बापाचा, आईचा आणि मुकादमाचा असे तीन नंबर घ्या. हंगामात एखादा बंद पडतोच.
• शिक्षण हमी कार्ड द्या आणि ते कुठं दाखवायचं हे आईला तोंडी समजावून सांगा. पातळीचा कागद त्याच्याच मागं चिकटवा, म्हणजे तिथल्या शिक्षकाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.
• फोन ‘भरून’ द्या. पालकांना एका संध्याकाळी शाळेत बोलवा. शाळेच्या नेटवरून दहा गोष्टी, वाचनाचं ॲप आणि मुलाच्या पातळीचे पाठ फोनमध्ये उतरवून द्या. फडावर नेट शोधायला लागू नये.
• सोबत एक छापील वही द्या. फोनची चार्जिंग संपली तरी वही चालते.

ब) हंगामात

• आठवड्यातून एक फोन, पंधरा मिनिटांचा. तोडीला माणसं पहाटेच निघतात आणि दिवस मावळल्यावर परततात, म्हणून वेळ त्यांना विचारूनच ठरवा.
• फोनवर तीनच गोष्टी : दोन मिनिटं ख्यालीखुशाली, पाच मिनिटं मुलानं वाचून दाखवायचं, उरलेला वेळ एक गणित. स्पीकर चालू आणि आई किंवा बाप जवळ.
• हिशोब बघा. वर्गातली ८ मुलं गेली असतील तर ८ गुणिले १५, म्हणजे १२० मिनिटं, आठवड्याला दोन तास. एकट्या शिक्षकाला हे जड जाईल. म्हणून गावातल्या बारावी झालेल्या मुला-मुलींना बालसखीसारखं जोडून घ्या. एकाकडे दोन मुलं दिली तर अर्ध्या तासाचं काम आहे.

क) परत आल्यावर

• पहिल्याच आठवड्यात पुन्हा पातळी तपासा आणि ऑक्टोबरच्या कागदाशी ताडून बघा.
• वर्ग ज्या धड्यावर आहे तिथं मुलाला ओढू नका. रोज एक तास पातळीनुसार गट, इयत्तेनुसार नाही. गावातच राहिलेली पण मागं पडलेली मुलंही त्याच गटात बसतील, म्हणजे ‘हे ऊसतोडीवालं पोरगं’ असा शिक्का बसणार नाही.

६) मूल रिकाम्या हातानं येत नाही

पाच महिन्यांनी परतलेलं मूल काहीच न शिकता आलं, असं आपण नकळत धरून चालतो. खरं तर त्यानं दोन जिल्हे ओलांडलेले असतात, उसाच्या जाती ओळखलेल्या असतात, मोळी बांधणं, वाढ्याच्या पेंढ्या मोजून विकणं, काट्यावरचं वजन हे सगळं बघितलेलं असतं. ज्ञानरचनावाद म्हणतो की नवं ज्ञान जुन्या अनुभवावर बांधायचं. मग हा अनुभव वर्गात आणायला नको का?

फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला काट्याच्या पावतीचा फोटो हा गणिताचा उत्तम पाठ आहे. उदाहरणासाठी तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरू. चौथी-पाचवीला विचारा, आठवड्यात १२ टन ऊस तोडला तर मजुरी किती? १२ गुणिले ३६६, म्हणजे ४,३९२ रुपये. सहावी-सातवीला विचारा, बापानं मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली असेल तर ती फिटायला किती टन तोडावं लागेल? २७३ टनांचे होतात ९९,९१८ रुपये, म्हणजे २७४ टन लागतील. हे गणित सोडवताना वर्ग शांत होतो, कारण ते पुस्तकातलं राहत नाही. आणि ज्या घरात अंगठा लावून हिशोब होतो, त्या घरात पावती वाचणारं लेकरू तयार झालं तर त्या घराची उचलीची बाकी कुणी भलतीच सांगू शकणार नाही.

तसंच गावातल्या मुलांनी फोन घेऊन गावाकडं बघावं. आपल्या धर्मापुरीत केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आहे, जुना किल्ला आहे. मुलांनी एकेका शिल्पासमोर उभं राहून आपल्या बोलीत दोन मिनिटांची माहिती रेकॉर्ड करावी, म्हाताऱ्या माणसांना विचारून किल्ल्याच्या गोष्टी गोळा कराव्यात आणि फडावरच्या मित्राला त्या पाठवाव्यात. त्यानं उलट आपल्या कारखान्याचं वर्णन पाठवावं. इथं मूल फोन नुसता बघत नाही, त्याच्यावर काही तयार करतं. बोलायचं काय हे ठरवताना लिहावं लागतं, लिहिताना वाचावं लागतं.

७) सावध राहायच्या गोष्टी

• फोन घरात एकच असतो आणि तो बहुतेक वेळा पोराच्या हातात जातो. मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, चूल पेटवते. म्हणून फोन करताना मुलीचं नाव घेऊन तिलाच बोलवा.
• २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी त्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन चालवता येणं आणि फोनवर शिकणं वेगवेगळं आहे.
• मुलांचे फोटो, आवाज, नंबर गावच्या ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक मानली आहे.
• ‘आता ऑनलाइन आहे ना, मग जाऊ द्या की’ असं कुणी म्हणायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. आजी-आजोबा आहेत, वसतिगृह आहे, तर मूल गावातच ठेवायचा आग्रह धरायचा. आठवड्याला पंधरा मिनिटांचा फोन पाच महिन्यांच्या शाळेची भरपाई करू शकत नाही. जे मूल कुठल्याच उपायानं थांबत नाही, त्याची शाळेशी असलेली दोरी तुटू न देणं एवढंच त्याचं काम.

समारोप

येत्या काळात एआय मुलाशी त्याच्या बोलीत बोलेल, त्याचं वाचन तपासेल, त्याच्या पातळीचे प्रश्न काढून देईल. हे होणार आहे आणि त्याचं स्वागतच आहे. पण कोणतं मूल कधी निघालं, कुठल्या कारखान्यावर गेलं, जाताना ते शब्द वाचत होतं की परिच्छेद, हे कुठल्याही ॲपच्या आधी गावातल्या शिक्षकाला माहीत असतं. ती माहिती कागदावर उतरवली तर पुढचं तंत्रज्ञान तिच्यावर उभं राहील. नाहीतर नवं यंत्र येईल, शाळेच्या कपाटात बसेल आणि मूल फडावरच राहील.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. मूल सोबत न्यावंच लागलं तर निघायच्या आधी एकदा शाळेत या, कार्ड घ्या, फोन भरून घ्या आणि बदललेला नंबर तेवढा कळवा. शिक्षक मित्रहो, गाड्या दसऱ्यानंतर निघतात. पातळीचा कागद त्याच्या आधी तयार हवा.